हवेचा मापाडी

उद्यमनगरात रात्री साडेआठला,
फौंड्रीची भट्टी निवत असते तेव्हा,
रणधीर इंगवले एक खोकं घेऊन आला.
आत फोममध्ये निजवलेला
रुंद नळीचा नवा एअरफ्लो मीटर.
अठ्ठावीस हजार, म्हणाला, पुण्याहून मागवला.
"बसवा दस्तगीरभाई. किती घोडे वाढतील?"

घोडे.
जणू खोक्यातच बांधून आणलेत.

मी जुना मीटर काढून तळहातावर घेतला.
आत एक तार, केसाहून बारीक,
विजेनं तापवून ठेवलेली.
हवा तिच्यावरून जाते, तिला गार करते,
तिला परत तापवायला जेवढी वीज लागेल
तेवढी हवा गेली, असं धरायचं.
बास. एवढीच तिची नोकरी.
ती ओढत नाही, ढकलत नाही.
ढकलणारा पुढं बसलाय,
स्वतःच्याच धुरावर गरगरणारा टर्बो.

माझे अब्बा शाहूपुरीत मापाडी होते.
गुळाच्या सौद्यात काट्याशेजारी उभे,
रव्यामागून रवा,
आणि मोठ्यानं आकडा.
झोपेतही पुकारायचे, अम्मी उठवायची.
मी एकदा विचारलं,
मोठा काटा आणला तर गूळ वाढंल का?
हसले नाहीत.
"काट्याच्या अंगात गोडी नसते," म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.

रणधीरला हे सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाला बापाच्या गोष्टी सांगितल्या
की ते बिलात घासाघीस करतं.

गोकुळ शिरगावला गाडी रोलरवर चढवली.
जुन्या मीटरवर एकशे त्र्याण्णव.
नव्यावर, बाकी कशाला हात न लावता, एकशे सत्त्याण्णव.
त्यानं मूठ वळली.
तोवर इंजिनात खडे वाजले,
पत्र्याच्या डब्यात वाजावेत तसे.
पाय काढ! मी ओरडलो.

नळी रुंद, म्हणून तारेवरचा वारा मंद.
तिला वाटलं, आज हवा कमी.
तिनं तसं कळवलं,
कॉम्प्युटरनं त्या मानानं पेट्रोल सोडलं.
ते चार घोडे उपासातून आले होते.
उपासाचा हुरूप दुपारपर्यंत,
मग भोवळ.

नव्या नळीचं कोष्टक भरत बसलो.
साडेअकराला परत रोलर.
एकशे त्र्याण्णव.
अजून एकदा, त्याच्या समाधानासाठी.
एकशे त्र्याण्णव.

"म्हणजे पैसे पाण्यात?"

थांब.
एका साली गूळ धो धो आला होता.
काटा दोनशे किलोचा, हमालांनी सात रवे रचले,
सुई शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकली.
व्यापारी म्हणाला, दोनशे म्हण, पुढचा घे.
अब्बा गप्प.
बाजार थांबला, शिव्या सुरू झाल्या, अब्बा गप्प.
सातवा रवा खाली उतरला तेव्हाच तोंड उघडलं.
पुढल्या हंगामात मोठा काटा आला.
गूळ तेवढाच होता.
पण आता खिळ्यापलीकडचं वजन
हवेत राहत नव्हतं.

तर हे शेवटी सांगितलंच मी,
आणि जुन्या मीटरचा आलेख दाखवला:
बघ, वरपर्यंत चढच आहे, कुठं सपाट नाही.
तुझी सुई खिळ्याला टेकलेलीच नाही अजून.
मोठा टर्बो बसवशील, हवा दुप्पट ओढशील,
तेव्हा ही तार हात टेकेल,
पाच व्होल्टच्या पुढं तिला बोलता येत नाही.
त्या दिवशी हे खोकं घेऊन ये.
घोडे त्या दिवशीही टर्बोचेच.
हा फक्त ते खरे मोजेल,
आणि पेट्रोल वेळेवर पोचल्यानं
पिस्टन वितळायचे वाचतील.

त्यानं बिल दिलं. घासाघीस केलीच.
खोकं माझ्याच फळीवर ठेवून गेला,
टर्बोला पैसे जमले की येतो म्हणाला.
जुनी तार मी पुसून परत बसवली होती,
तिच्यावर आमच्या भट्ट्यांची काळी वाळू होती.

दोन दिवाळ्या झाल्या.
शटर ओढताना कधी ते खोकं दिसतं,
आणि मी उगाच पुकारतो,
एकशे त्र्याण्णव,
मोठ्यानं, रिकाम्या गॅरेजात.